नातवाच्या बाटल्या

माशांविषयी लिहिण्याचा मला अधिकार तो काय? जन्म कोकणातला. तेव्हा मासा घेताना खवले आणि पर पाहावेत, कल्ला उचलून ताजा की शिळा ते ओळखावे आणि नारळाच्या रसात शिजवावा, एवढेच माझे माशांचे ज्ञान. मासा पाळावा आणि त्याच्या पिल्लांसाठी घरातच निराळे जिवंत अन्न पिकवावे, ही गोष्ट वयाच्या ७४ व्या वर्षी माझ्या गळ्यात पडली. ती हकीगत सिनेगॉगच्या पायऱ्यांवर बसून दोघी-तिघींना सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, हे लिहून काढ.” म्हणून लिहिते आहे. चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आम्ही अश्दोदला राहतो. मी १९७१ साली इस्राएलला आले. यजमान बंदरात कामाला होते. ते २०१७ साली वारले, तेव्हापासून मी मुलीकडे असते. मुलगी इस्पितळात परिचारिका आहे, जावई ट्रक चालवतात. घरात दिवसभर मी आणि थोरला नातू. तो लष्करातून सुटून आला, चार महिने नुसता खिडकीत बसून राहिला, आणि एके दिवशी दोनशे लिटरची काचपेटी घेऊन घरी आला. म्हणाला, “आजी, यात समुद्र करायचा.”

मी म्हटले, “समुद्र पायी वीस मिनिटांवर आहे, बादलीने आणू की.” तो हसला. बंदराच्या गावचे किनाऱ्याचे पाणी माशांना चालत नाही, असे त्याने सांगितले. शिवाय आपला हा समुद्र जगातल्या इतर समुद्रांपेक्षा जरा जास्तच खारट. इतरत्र लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असते, येथे ३९ च्या आसपास. बरे, मृत समुद्राचे मीठ स्वस्तात मिळते, ते घालावे, तर त्यात बहुतेक मॅग्नेशियम, मासे एका दिवसात मरतील. तेव्हा पिशवीतले खास मीठ, गाळलेले पाणी आणि खारटपणा मोजण्याचे यंत्र, असा सगळा सरंजाम आला. माझे वडील पेणला मिठागरावर कारकून होते. पाणी वाफ्या-वाफ्यांतून आटत जाते आणि शेवटी तांबूस होते, ते मी लहानपणी रोज पाहिलेले. त्या माणसाची नात-पतवंडे मीठ विकत आणून पाण्यात विरघळवतात, हे त्यांनी पाहिले असते तर काय म्हणाले असते!

पेटीत त्याने एक जोडपे सोडले. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. २००३ साली आलेल्या एका चित्रपटाने हा मासा जगभरच्या मुलांना ठाऊक करून दिला, तोच हा. लाल समुद्रात, एलातच्या प्रवाळांत राहतो तो याचा भाऊबंद, त्याच्या अंगावर दोनच पट्टे. यांचे कुळ मोठे विचित्र. सगळे नर म्हणून वाढतात, आणि जोडीत जो मोठा असतो तो मादी होतो. घराचा कारभार तिच्याकडे. नवरा बिचारा अंड्यांना पंख्याने वारा घालीत बसतो. हे ऐकून मला फार बरे वाटले, हे येथे कबूल करते.

वर्षभराने त्यांनी एका मातीच्या कुंडीवर अंडी घातली. आठवड्याने रात्री दिवा मालवल्यावर ती फुटली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळी पिल्ले मेली. नातवाला त्याचे नवल वाटले नाही. जन्मलेले पिल्लू तीन-चार मिलिमीटरचे, तोंड सुईच्या टोकाएवढे. त्याला कोरडे अन्न घातले तर ते तळाशी बसते आणि पिल्लू त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. जे समोर हलते तेच त्याला अन्न वाटते. आणि एवढ्या लहान तोंडात मावेल असे हलणारे अन्न म्हणजे रोटिफर. हा खाऱ्या पाण्यातला जीव एका मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा असतो. नुसत्या डोळ्यांना पांढरी धूळ दिसते, भिंगातून पाहिले तर प्रत्येक धुळीचा कण गरगर पोहतो आहे, आणि मागे त्याने अंडे लटकावलेले आहे. सगळ्या माद्या. पाणी चांगले आहे तोवर त्यांना बाळंतपणासाठी नराची गरज पडत नाही. नर जन्मतात ते दिवस वाईट आले म्हणजे.

या रोटिफराची गोष्ट नातवाने मला सांगितली ती आवडली. जपानमध्ये इल मासे पाळायच्या तळ्यांत हा एक उपद्रव समजला जाई, कारण तो तळ्याचे हिरवे पाणी खाऊन टाकी. १९६० साली इतो नावाच्या शास्त्रज्ञाच्या मनात आले की याला वाढवून माशांच्या पिल्लांना का घालू नये? आज मत्स्यशेतीत त्याच्यावाचून चालत नाही. आपण शब्बाथसाठी शुकमधून दनीस आणतो ना, तो शेतीतला असेल तर लहानपणी रोटिफर खाऊनच मोठा झालेला असतो. एलातच्या राष्ट्रीय सागरी मत्स्यशेती केंद्रात या विषयावर कितीतरी वर्षे काम चाललेले आहे.

पण रोटिफर म्हणजे काही तांदूळ नव्हे, की डब्यात भरून ठेवला. त्यालाही रोज खायला लागते. त्याचे अन्न म्हणजे हिरवे पाणी, अतिसूक्ष्म शेवाळ. ते बाटल्यांत, दिव्याखाली, थेंबभर खत घालून वाढवायचे, दिवसातून दोनदा हलवायचे आणि गडद झाले की अर्धे काढून नवे खारे पाणी घालायचे. ऊन थेट नको, फार थंडी-उष्णता नको, म्हणून नातवाने या सगळ्या बाटल्या कुठे मांडल्या असतील? ममादमध्ये! घरातल्या त्या एकाच खोलीची लोखंडी झडप कायम बंद असते. मुलगी चिडली. मी मात्र एक दिवस हे सगळे पाहिले आणि म्हणाले, “अरे, हे तर विरजण आहे.”

येथे लेबेन दुकानात मिळतो, तरी मी ५० वर्षे घरी दही लावते. विरजण संपू द्यायचे नाही, आणि एकाच भांड्यात ठेवायचे नाही, हे मला कोणी शिकवायला नको होते. आणखी एक गोष्ट मी त्याला शिकवली. त्याचे हिरवे पाणी दर महिन्याला एकाएकी फिके पडून नासायचे. पाहते तो हा एकच नळी रोटिफरच्या बादलीत घालतो आणि तीच शेवाळाच्या बाटलीत! रोटिफराचा एक थेंब जरी तिकडे गेला तरी आठवड्यात सगळी बाटली फस्त. मी म्हटले, “बाळा, तू यहुद्याच्या घरात वाढलास ना? दुधाची भांडी आणि मांसाची भांडी एक करतात का?” त्या दिवसापासून निळ्या फितीची नळी, गाळणे आणि पेला शेवाळाचा, लाल फितीचे रोटिफराचे. आधी हिरव्याचे काम, मग लाल्याचे, आणि मग हात धुवायचे. त्यानंतर बाटली नासली नाही. नातू हे त्याच्या मित्रांना सांगत असे, आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत असे.

२०२३ च्या ७ ऑक्टोबरला, सिम्हात तोराच्या शनवारी सकाळी, जे झाले ते वाचकांना सांगायला नको. दुपारी नातवाला मिलुईमची हाक आली. पिशवी भरता भरता तो मला ममादमध्ये घेऊन गेला. कुंडीवर चार दिवसांची अंडी होती. तो हिब्रूत भराभर सांगत होता आणि मी कॅलेंडरच्या पाठीवर मराठीत लिहीत होते: हिरवे पाणी किती, रोटिफर रोज पाव हिस्सा काढायचा, कुंडी कोणत्या रात्री लहान पेटीत हलवायची. ओळी सतरा झाल्या. जाताना तो म्हणाला, “नाही जमले तर सोडून दे, आजी.” आपल्या घरी असे म्हटले म्हणजे ते सोडायचे नसते.

अश्दोदला भोंगा झाला की ४५ सेकंद मिळतात. त्या दिवसांत किती वेळा ममादमध्ये शिरलो त्याची मोजदाद नाही. समोरच्या दारची मोरोक्कोची म्हातारी एकटी असते, तीही भिऊन आमच्याकडे येई. दार लावले की आम्ही तिघी, बारा बाटल्या आणि हवेच्या पंपाची घरघर. पहिल्याच दिवशी तिने एक बाटली उचलून वास घेतला आणि मला विचारले, “घरी अराक गाळतेस काय?” बाहेर धडाम्-धडाम् चाललेले आणि आत आम्ही हसून बेजार.

अंडी ११ तारखेच्या रात्री फुटली. त्या संध्याकाळी अंड्यांत चांदीसारखे डोळे दिसू लागले होते, ती खूण मी लिहून घेतलेली होती. सकाळी बॅटरी लावली तर पाण्यात शेदोनशे काड्या तरंगत होत्या. दोन दिवस मी त्यांना रोटिफर घातले. आणि मग माझ्या हातून चूक झाली.

हिरवे पाणी कमी पडले तर पावाचे यीस्ट पाण्यात कालवून रोटिफरांना घालता येते. माझ्या कागदावर लिहिले होते, ‘चिमूटभर’. हिशोबाने दहा लाख रोटिफरांना दिवसाचे एक ग्रॅमच पुरते, आणि आमच्या पाच लिटरच्या बादलीत पाच लाखही असतील-नसतील. पण भोंगा होऊन गेला होता, मुलगी दोन पाळ्या सलग करून घरी आली नव्हती, आणि माझ्या मनात आले, बिचारी उपाशी असतील, दोन घास जास्त खाऊ देत. मी चमचाभर यीस्ट घातले. आजीचा हात! दुसऱ्या सकाळी बादलीवर फेस, दुर्गंधी, आणि भिंगातून पाहिले तर काही हलत नव्हते. उरलेले यीस्ट सडून पाण्यातली हवा संपली होती. पिल्लांना घालायला काही नव्हते. १६ तारखेपर्यंत एकही उरले नाही.

त्याच रात्री नातवाचा फोन आला. तो कुठे आहे हे त्याला सांगता येत नसे, काय पाहिले ते सांगायचे नसे, आणि जेवलास का हे एकदा विचारून झाले की मग बोलायचे काय? म्हणून तो बाटल्यांचे विचारी. “आजी, रोटिफरची बादली कशी आहे?” मी म्हटले, “छान आहे. पाणी हिरवेगार आहे.” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “बरं.” मुलगी माझ्याकडे बघत होती. मी ममादमध्ये जाऊन रडले, हेही लिहिते.

दुसऱ्या दिवशी फ्रिज पुसताना दाराच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीमागे, लाल फितीची एक लहान बाटली सापडली. त्यावर तारीख होती, ऑक्टोबरची पहिली. मी त्याला विरजण दोन ठिकाणी ठेवायला सांगितले होते, आणि त्याने ते ठेवले होते! थंडीत रोटिफर सुस्तावतात, पण दोन-तीन आठवडे तग धरतात. बाटली बाहेर काढून हळूहळू कोमट होऊ दिली. चमचाभर पाणी काळ्या ताटलीत घेऊन भिंगाने पाहिले. मेलेलेच पुष्कळ. मग एक कण सरकला. मग आणखी एक. त्या चमच्यात मी सात मोजले.

पुढले दोन आठवडे मी यीस्टला हात लावला नाही. नुसते हिरवे पाणी, तेही थोडे थोडे. अन्न पुरेसे आणि पाणी उबदार असले तर रोटिफर दीड-दोन दिवसांत दुप्पट होतात, पण माझे पहिले चार दिवस जागच्या जागीच राहिले. नंतर एकदम वाढले. मधल्या काळात जोडप्याने पुन्हा अंडी घातली होती. माझी बादली तयार नव्हती. ती अंडी फुटायच्या रात्री मी कुंडी हलवली नाही, दिवाणखान्याचे दार लावून घेतले आणि झोपले. सकाळी पेटीत काही नव्हते. मोठ्या पेटीत ते मोठ्यांचेच भक्ष्य होतात.

तिसऱ्या खेपेची अंडी १३ नोव्हेंबरला फुटली. या वेळी मी लहान पेटीच्या तिन्ही बाजूंना जुन्या छत्रीचे काळे कापड लावले होते, कारण काचेवर उजेड चमकला की पिल्ले तिकडेच डोके आपटीत राहतात. पेटीच्या पाण्यातही थोडे हिरवे घातले, म्हणजे रोटिफर पेटीत असतानाही खात राहतात आणि पिल्लाच्या पोटात भरलेल्या पोटाचे जातात. नुसत्या यीस्टवर वाढलेला रोटिफर म्हणजे रिकामे पाकीट. पिल्लाला लागणारी माशांच्या तेलातली सत्त्वे त्यात नसतात, ती शेवाळातून येतात. हे मला नंतर कळले. म्हणजे पहिल्या खेपेला बादली नासली नसती तरी माझी चमचाभर माया त्यांना तारती, असे नव्हे.

पाचव्या दिवसापासून आर्टेमिया सुरू केला. ही कोळंबीची दूरची नातेवाईक. तिची कोरडी अंडी तपकिरी भुकटीसारखी डब्यात वर्षानुवर्षे टिकतात आणि खाऱ्या पाण्यात एका दिवसात फुटतात. त्यांतली पुष्कळशी अमेरिकेच्या युटातल्या मोठ्या खाऱ्या सरोवरातून येतात. मुंबईच्या मिठागरांतही हा जीव आहे, हे ऐकून मी चाटच पडले. शीतपेयाची बाटली बूड कापून उलटी टांगायची, तिच्यात हवा जोरात सोडायची. नातवाचे महागाचे मीठ संपत आले होते. तेव्हा मांस खारवायला ठेवलेले जाडे मीठ मी लिटरला २५ ते ३० ग्रॅम या मानाने घातले, वर चिमूटभर खायचा सोडा. अंडी फुटण्यापुरते ते चालते, मासे त्यात राहू शकत नाहीत. २४ तासांनी हवा बंद करून बाटलीच्या तोंडाशी दिवा धरला की टरफले वर तरंगतात आणि नारिंगी पिल्ले उजेडाकडे खाली गोळा होतात. ती लगेच घालायची. अंगातला बलक एका दिवसात संपतो, मग त्यांत राम नाही. टरफले मात्र जाता कामा नयेत, माशाच्या पिल्लाच्या पोटात ती अडकतात.

मोरोक्कोच्या म्हातारीने विचारले, कोळंबीची जात तुमच्या घरात चालते कशी? मी म्हटले, आम्ही थोडीच खातो! आणि पाळलेल्या जिवाला आपल्याआधी वाढायचे, हे तर आपल्या रब्बींनीच सांगितले आहे. शब्बाथला दिवे घड्याळावर लागत-मालवत, पंप चालूच असे, आणि खाद्य मी शुक्रवारी दुपारीच पेल्यांत काढून ठेवी.

दहाव्या दिवशी सकाळी एका पिल्लाच्या डोळ्यामागे पांढरी रेघ दिसली. पट्टा! मुलगी रात्रपाळीहून येऊन नुकतीच निजली होती, तिला उठवून दाखवली. शंभरांवर होती, त्यांतली तेवीस उरली. जाणकारांना हा आकडा कमीच वाटेल.

डिसेंबरच्या मध्यात नातू ३६ तासांच्या रजेवर आला. बूट न काढता ममादमध्ये गेला. किती तरी वेळ बाहेर आला नाही. मी चहा घेऊन गेले, तेव्हा तो जमिनीवर बसून बोटाने मोजत होता. “तेवीस,” तो म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “आजी, ऑक्टोबरात बादली मेली होती ना?” मी विचारले, कोणी सांगितले, आईने? “तूच सांगितलेस. पाणी हिरवेगार आहे म्हणालीस. रोटिफर जिवंत असले तर ते हिरवे खातात, संध्याकाळपर्यंत पाणी फिके पडते.” मी दारावरचा कागद पाहिला. माझ्याच अक्षरात तिसरी ओळ होती ती. दोन महिने त्याला ठाऊक होते, आणि दर फोनला तो मला विचारीत होता, बादली कशी आहे.

मी म्हटले, “मग बोलला का नाहीस?” तो म्हणाला, “फ्रिजमध्ये बाटली होती. तू शोधशील, माहीत होतं.” आणि चहा प्याला.

तो २०२४ च्या वसंतात सुखरूप घरी आला. त्या पेसाहला आमच्या घरी यीस्ट नव्हते, तेव्हा आठवडाभर बादली नुसत्या हिरव्यावर ठेवली. तेव्हापासून आम्ही यीस्ट आणलेलेच नाही. तेवीस मासे त्याने मित्रांत वाटले, दोन माझ्यासाठी ठेवले. त्यांतला मोठा कोणता ते मी ओळखते. ममादमधल्या बाटल्या आता चौदा आहेत आणि मुलीने चिडायचे सोडून दिले आहे.

अश्दोद, लोद, बीर शेवाकडच्या कोणाच्या मुला-नातवंडांना हा नाद असेल आणि विरजण हवे असेल, तर शनवारी सिनेगॉगमध्ये मला सांगावे, आठवड्यात काढून देईन. बाटली साबणाने धुऊ नये, गरम पाण्याने धुवावी. आणि एक आणू नये, दोन आणाव्यात.